सासऱ्यांचा कल्चर रिपोर्ट आणि 'अंगाला औषधाची सवय झाली' हा गैरसमज

ओसरी

नमस्कार. बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. मी डॉक्टर नाही. पण गेल्या दोन महिन्यांत घरात जे झालं ते लिहिल्याशिवाय राहवत नाही.

माझे सासरे ७४ वर्षांचे. सातारा जिल्ह्यात गावी असतात. पहाटे उठून गोठ्यात जाणारा माणूस, डोकं दुखलं तर सुंठ उगाळून लावेल पण गोळी घेणार नाही. दिवाळीनंतर त्यांना लघवीला जळजळ सुरू झाली. चार दिवस त्यांनी अंगावर काढलं, पाचव्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला. गावातल्या डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. ताप उतरला, आम्ही निर्धास्त झालो. आठवड्यात पुन्हा ताप. या वेळी दिरांनी मेडिकलमध्ये तीच चिठ्ठी दाखवून 'याच्यापेक्षा जरा पावरफुल' गोळ्या आणल्या. पुन्हा उतार, पुन्हा ताप. तिसऱ्या खेपेला आम्ही पुण्याहून पोचलो तेव्हा ते मला त्यांच्या बहिणीच्या नावाने हाक मारत होते. आत्याबाई जाऊन नऊ वर्षं झालीत. वरचा रक्तदाब ८० वर आला होता. रात्रीच गाडी करून साताऱ्याला ॲडमिट केलं. लघवीतले जंतू रक्तात गेले होते.

लघवीच्या कल्चरचा, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीचा, रिपोर्ट तिसऱ्या दिवशी हातात आला. एक पान. वर जंतूचं नाव, ई. कोलाय. खाली औषधांची यादी आणि प्रत्येकापुढे एक अक्षर. 'एस' म्हणजे औषध लागू पडतं, 'आर' म्हणजे पडत नाही, एवढं सिस्टरनी सांगितलं. मी बोट ठेवून खाली येत गेले. ॲम्पिसिलिन, आर. सेफिक्झिम, आर. सेफ्ट्रिॲक्झोन, आर. सिप्रोफ्लॉक्सासिन, आर. लेव्होफ्लॉक्सासिन, आर. १८ औषधांपैकी १४ पुढे आर. आधी घेतलेल्या दोन्ही गोळ्या त्या १४ मध्ये होत्या. सासूबाई घड्याळ लावून, दूध-भात भरवून ज्या गोळ्या देत होत्या, त्यांनी त्या जंतूचं काही बिघडत नव्हतं. ताप उतरत होता तो सोबतच्या पॅरासिटामॉलने.

उरलेल्या चारांतलं मेरोपेनेम सुरू झालं. दर आठ तासांनी, शिरेतून, दहा दिवस. बिलासाठी दिरांनी दुभती म्हैस विकली.

आता ज्यासाठी हा धागा काढला ते. सासरे शुद्धीवर आल्यावर भेटायला येणारा प्रत्येकजण एकच म्हणायचा, "अंगाला औषधाची सवय झाली, म्हणून लागू पडेना." एक दिवस सासऱ्यांनी क्षीण आवाजात विचारलं, "आयुष्यात मी गोळ्या घेतल्या किती? मला सवय लागलीच कशी?" मला उत्तर देता येईना. राउंडला आलेल्या डॉक्टरीणबाई थांबल्या आणि त्यांच्या खाटेवर बसून म्हणाल्या, "आजोबा, सवय तुमच्या अंगाला लागलेली नाही. जंतूला लागलेली आहे. आणि हा जंतू तुमच्याकडे शिकूनच आलाय."

माझ्या डोक्यात तोवर हे उलटंच होतं. मला वाटायचं जो माणूस सारख्या गोळ्या खातो त्याच्यावर औषध चालेनासं होतं, म्हणजे ज्याने खाल्ल्या त्याने भोगावं. तसं नाहीये. एकाच्या पोटात तयार झालेला असा जंतू पाण्यातून, हातातून, संडासातून, दवाखान्यातल्या नळीतून दुसऱ्याकडे जातो. ज्याने कधी गोळी घेतली नाही त्याच्याही वाट्याला येतो.

मग वाचत सुटले. २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे जगात थेट १२.७ लाख माणसं गेली, आणि ४९.५ लाख मृत्यूंमध्ये त्यांचा हात होता, असा अंदाज २०२२ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. एकट्या भारतात थेट मृत्यू ३ लाखांच्या जवळ. आपण साथ म्हटलं की कॉलरा-प्लेगच आठवतो. ही साथ चालूच आहे, फक्त मृत्यूच्या दाखल्यावर 'सेप्सिस', 'न्यूमोनिया', 'किडनी निकामी' असं काहीतरी लिहिलं जातं.

पुण्याला परत आल्यावर स्वयंपाकघरातला बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडला. त्यात उरलेल्या गोळ्या ठेवायची माझी पद्धत. कात्रीने कापलेल्या पट्ट्या, कुणाचं नाव अर्धं, कुणाची तारीख गेलेली. एकीवर नुसतं '...मायसिन ५००' एवढंच. सर्दी झाली की मी यातलीच एखादी मुलाला देत आले. डबा तसाच समोर ठेवून हे लिहितेय.

तुमच्याकडे असे अनुभव असतील तर लिहा. या क्षेत्रातलं कुणी असेल तर मला नीट समजावून सांगा.

पारिजात

वाचून अंगावर काटा आला. आईचं अगदी हेच झालं होतं, मधुमेह आहे तिला. सासऱ्यांना आराम पडो.

काचपट्टी

ओसरीताई, धागा काढलात हे फार चांगलं केलंत. मी ३१ वर्षं मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये तंत्रज्ञ होतो, आता निवृत्त आहे. तो 'आर' आणि 'एस' कुठून येतो ते सांगतो.

लघवीतला जंतू आधी वाढवून घेतात. मग तो ॲगारच्या, म्हणजे जेलीसारख्या थराच्या, थाळीवर कापसाच्या काडीने सगळीकडे सारखा फासतात, शेतात बी फेकावं तसा. त्यावर कागदाच्या छोट्या गोल टिकल्या ठेवतात. प्रत्येक टिकलीत एक औषध भिजवलेलं असतं. थाळी रात्रभर उबेत ठेवायची. सकाळी काढली की थाळीभर पांढुरकी साय धरलेली दिसते, ते जंतू. जिथे औषध चाललं तिथे टिकलीभोवती स्वच्छ गोल वलय पडतं. ते पट्टीने मोजायचं. टिकली स्वतः ६ मिलिमीटरची. वहीत ६ लिहिलं की समजायचं, वलय पडलंच नाही, जंतू टिकलीला चिकटून वाढलाय. आता बऱ्याच ठिकाणी हे यंत्रावर होतं, पण गाभा तोच.

मी नोकरीला लागलो तेव्हा ई. कोलायच्या थाळीवर सिप्रोफ्लॉक्सासिनभोवती ३० मिलिमीटरचं वलय पडायचं. औषध नवं होतं, डॉक्टर खूश असायचे. निवृत्तीच्या आधीच्या वर्षांत मी त्याच औषधापुढे किती वेळा ६ लिहिलं त्याला गणती नाही. माणसं बदलली नाहीत, औषध तेच, कंपनी तीच. थाळीवरचा जंतू बदलला.

तो बदलतो कसा? ई. कोलाय अनुकूल परिस्थितीत २० मिनिटांत दुप्पट होतो. एवढ्या वेगात नक्कल होताना चुका होतात. एखाद्या चुकीमुळे औषध निकामी करणारा एखादा जंतू जन्मतो. औषध दिलं की बाकीचे मरतात, हा उरतो, आणि रान मोकळं मिळाल्यावर त्याचंच पीक येतं. याहून वाईट म्हणजे ही विद्या ते एकमेकांना देतात. प्लाझ्मिड नावाचा डीएनएचा छोटासा गोल तुकडा एका जंतूतून दुसऱ्यात जातो, आणि दुसरा वेगळ्या जातीचा असला तरी जातो. तुमच्या रिपोर्टवर बहुधा 'ईएसबीएल' लिहिलं असेल. पेनिसिलिन आणि सेफ घराण्यातली बहुतेक औषधं तोडणारं ते विकर आहे, आणि त्याची कृती बहुतेकदा अशाच तुकड्यावर लिहिलेली असते.

मेरोपेनेम त्याच्या पुढची पायरी. तीही डळमळतेय. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशभरच्या जाळ्यातल्या रुग्णालयांमध्ये २०१६ साली ई. कोलायच्या ८६ टक्के नमुन्यांवर मेरोपेनेमच्याच घराण्यातलं इमिपेनेम चालत होतं, २०२१ साली ६४ टक्क्यांवर. क्लेबसिएला या दुसऱ्या जंतूचं ६५ वरून ४३ वर आलं. पाच वर्षांत. त्यानंतर हातात राहतं कोलिस्टिन, जे किडनीला त्रासदायक म्हणून डॉक्टरांनी एके काळी बाजूला ठेवून दिलं होतं.

एक कळकळीची विनंती. कल्चर सांगितलं असेल तर नमुना अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी द्या. 'आधी गोळी घेऊन बघू, नाही बरं वाटलं तर तपासू' असं केलं की थाळीवर कधी काहीच उगवत नाही, आणि डॉक्टरांना अंधारात चाचपडावं लागतं. माणूस गंभीर असेल तर डॉक्टर रिपोर्टसाठी थांबणार नाहीत, थांबूही नये. पण नमुना घेऊन मग इंजेक्शन, हा क्रम पाच मिनिटांत जमतो.

ओसरी

काका, ईएसबीएल लिहिलंय. पॉझिटिव्ह. आणि हो, आमचा नमुना इंजेक्शन सुरू झाल्यावर दुसऱ्या दिवशी गेला. त्यात जंतू वाढला याचा अर्थ आता कळला. पहिलं इंजेक्शन सेफ्ट्रिॲक्झोनचं होतं, आणि रिपोर्टमध्ये त्याच्यापुढे आरच आहे.

मुळाकाठ

मी नगर जिल्ह्यात मेडिकल चालवतो. धाग्यात आमच्यावर बोट आलंय आणि ते खोटं नाही, म्हणून आमच्या बाजूने जे दिसतं ते लिहितो.

कायदा आहे. १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ लागू झालं. त्यातली औषधं, म्हणजे सेफिक्झिम, सेफ्ट्रिॲक्झोन, मेरोपेनेमसारखी अँटिबायोटिक्स आणि टीबीची औषधं, चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. वेगळ्या रजिस्टरमध्ये रुग्णाचं नाव, डॉक्टरांचं नाव, औषध आणि नग लिहायचे आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. चिठ्ठीवर द्यायच्या औषधांच्या पट्टीवर उभी लाल रेघ असते, ती सामान्य माणसाला कळावी म्हणून २०१६ साली सरकारने मोहीमही काढली. पण आपण पट्टी कापून चार गोळ्या देतो तेव्हा रेघ अर्धीच जाते, आणि ती कशासाठी आहे हे विचारणारं गिऱ्हाईक मला आजवर दोन-तीनदाच भेटलं.

रोज संध्याकाळी काय होतं ते बघा. ऊसतोडीची माणसं येतात. अंगात ताप, उद्या फडावर गेलं नाही तर मजुरी बुडणार. डॉक्टरची फी द्यायची तर औषधाला पैसे उरत नाहीत. "दोन दिवसाच्या द्या, बरं वाटलं तर बाकीच्या नेतो." ते परत येत नाहीत, कारण बरं वाटलेलं असतं. मी नाही म्हटलं की ते पुढच्या दुकानात जातात आणि तिथे मिळतात. गेल्या चार वर्षांपासून मी चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक देत नाही. गल्ला कमी झाला, खोटं कशाला बोलू. सर्दी-खोकल्याला पॅरासिटामॉल, वाफ आणि तीन दिवस वाट बघा असं सांगतो. त्यातले बहुतेक तीन दिवसांत बरे होतात.

ओसरीताई, तुमच्या दिरांना ज्याने गोळ्या दिल्या त्याचा राग मला समजतो.

पायरी

सगळं पटतंय, पण मेळघाटाच्या बाजूच्या तालुक्यात काम केलेला माणूस म्हणून विचारतो. कल्चरची लॅब ९० किलोमीटरवर. नमुना तिथे पोचेपर्यंत उन्हाने खराब. तपासणीचा खर्च दोन दिवसांच्या मजुरीएवढा. तिथल्या डॉक्टरने काय करावं? समोर तापाने फणफणलेलं लेकरू असतं आणि आई रात्रीत पायी परत जाणार असते. त्याने जी गोळी हाताशी आहे ती दिली तर त्याला दोष कसा द्यायचा? पाणी स्वच्छ नाही, संडास नाही, म्हणून जुलाब. जुलाब म्हणून गोळ्या. आपण सगळं रुग्णाच्या आणि मेडिकलवाल्याच्या गळ्यात घालतो आणि नळाचं पाणी विसरतो.

काचपट्टी

पायरी, तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. प्रत्येक तापाला कल्चर लागत नाही, तसं मी म्हणालो असं वाटलं असेल तर दुरुस्त करतो. सर्दी, बहुतेक घसादुखी, फ्लू, डेंगी हे सगळं विषाणूंचं, तिथे अँटिबायोटिकचं कामच नाही. लहान मुलांच्या बहुतेक जुलाबांनाही मीठ-साखर-पाणी आणि झिंक पुरतं. एवढ्या ठिकाणी गोळी टळली तरी फार मोठा भार कमी होईल. आणि पाण्याबद्दल बोललात ते मुळावरच बोट ठेवलंत. जो आजार झालाच नाही त्याला औषध लागत नाही.

खाडीपलीकडे

पाण्यावरून आठवलं. मी नेरुळला राहते. २०१८ साली नवी मुंबई महापालिकेने ९ महिने ते १४ वर्षांच्या मुलांना टायफॉइडची नवी लस फुकट दिली. सरकारी पातळीवर ही लस देणारी ती जगातली पहिली मोहीम होती, पहिल्या टप्प्यात एक लाखाहून जास्त मुलं. माझी धाकटी त्यात होती, शाळेच्या पटांगणात रांग लागली होती. तेव्हा वाटलं, टायफॉइडला गोळ्या आहेत की, लस कशाला? नंतर कळलं की टायफॉइडच्या जंतूने एकेक औषध मागे टाकलंय. आधी क्लोरॅम्फेनिकॉल गेलं, मग सिप्रोफ्लॉक्सासिन गेलं. पाकिस्तानात सिंधमध्ये २०१६ पासून सेफ्ट्रिॲक्झोनलाही दाद न देणारा टायफॉइड पसरला, तिथे तोंडाने घ्यायचं एकच भरवशाचं औषध उरलं, अझिथ्रोमायसिन. आणि तेच आपण इथे सर्दीला खातो, तीन गोळ्यांचं पाकीट.

उत्तरवारा

नेदरलँड्समधून लिहितोय. तीन वर्षांपूर्वी पुण्यात सुट्टीवर असताना अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. परत आल्यावर महिन्याभराने इथे पित्ताशयाच्या खड्यांसाठी ॲडमिट व्हायची वेळ आली. पहिलाच प्रश्न, "गेल्या काही महिन्यांत परदेशातल्या हॉस्पिटलमध्ये होतात का?" हो म्हणताच मला एकट्याच्या खोलीत ठेवलं. येणारी प्रत्येक व्यक्ती गाऊन, हातमोजे, मास्क घालून येई. नाक, घसा आणि गुदद्वारातून काडीने नमुने घेतले. मला सुरुवातीला अपमान वाटला, अस्पृश्यासारखं ठेवलंय असं. नर्सने समजावलं की इथे सगळ्यांसाठी हाच नियम आहे, त्यांचा डच माणूस स्पेनच्या हॉस्पिटलमधून आला तरी हेच.

रिपोर्टमध्ये माझ्या आतड्यात ईएसबीएलवाला जंतू निघाला. मला काहीही त्रास नव्हता. डॉक्टर म्हणाले, औषध नको, तो काही महिन्यांत आपोआप कमी होईल, फक्त संडासहून आल्यावर हात नीट धुवा. नंतर वाचलं की २०१७ साली इथल्या एका मोठ्या अभ्यासात दक्षिण आशियात जाऊन आलेल्या डच प्रवाशांपैकी सुमारे ७५ टक्के लोक असा जंतू पोटात घेऊन परतले होते. ही धडधाकट, फिरायला गेलेली माणसं होती. ओसरी, तुमच्या सासऱ्यांचा प्रश्न, 'मला सवय लागलीच कशी', त्याचं उत्तर यात आहे असं वाटतं.

सकाळची_लोकल

लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. लिहिते.

मी २३ वर्षांची असताना टीबी झाला. पहिल्या खासगी डॉक्टरांनी चार महिने औषध दिलं, वजन उतरतच गेलं. दुसऱ्यांनी दोन गोळ्या बदलल्या. तिसऱ्या ठिकाणी थुंकीची तपासणी झाली तेव्हा कळलं की एमडीआर आहे, म्हणजे आयसोनायझिड आणि रिफाम्पिसिन ही टीबीची दोन मुख्य औषधं चालणार नाहीत. घरात सगळ्यांनी मला विचारलं, गोळ्या चुकवल्यास ना? मी एकही चुकवली नव्हती. नंतर समजलं की हा टीबी हवेतून तसाच येऊ शकतो. २०१४ ते १६ च्या राष्ट्रीय पाहणीत, आधी कधीच टीबीचं औषध न घेतलेल्या नव्या रुग्णांमध्येही २.८४ टक्क्यांना एमडीआर निघाला होता. माझ्यापर्यंत तो कुठे पोचला, ऑफिसात, लोकलच्या डब्यात, बहिणीच्या लग्नात, कधीच कळणार नाही.

२४ महिने औषध. त्यातले पहिले सहा महिने रोज कानामायसिनचं इंजेक्शन. चौथ्या महिन्यात कानात बारीक सूं सूं सुरू झाली. मी सांगितलं नाही, कारण इंजेक्शन बंद होईल याची भीती वाटली. आज माझ्या दोन्ही कानांत यंत्रं आहेत आणि वरच्या पट्टीतले आवाज तरीही येत नाहीत. कुकरची शिट्टी मला ऐकू येत नाही. वाफ उडताना दिसली की मी गॅस बंद करते.

औषध योग्य मिळणं किती दैवावर होतं बघा. १९९१ साली धारावीच्या परिसरातल्या १०० खासगी डॉक्टरांना टीबीची चिठ्ठी लिहायला सांगितली तर त्यांनी ८० वेगवेगळ्या पद्धती लिहिल्या. जवळजवळ वीस वर्षांनी मुंबईत पुन्हा तसाच अभ्यास झाला, १०६ डॉक्टर, ६३ पद्धती, आणि बरोबर लिहिणारे फक्त ६. त्यानंतर २०११ च्या डिसेंबरात हिंदुजा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी अशा चार रुग्णांची नोंद जगापुढे मांडली, ज्यांच्यावर तपासलेलं एकही टीबीचं औषध चालत नव्हतं. त्यात डॉ. झरीर उदवाडिया होते. तेव्हा त्याला दिलेल्या 'पूर्णपणे औषधरोधी टीबी' या नावावरून मोठा वाद झाला, पण नंतर मुंबईत तपासणीच्या यंत्रांची सोय वाढली ती त्या गदारोळामुळेच, असं मला वाटतं.

चांगलं झालेलंही सांगते. आता एमडीआरला इंजेक्शन लागत नाही. बेडाक्विलिन ही नवी गोळी आली. त्याचं पेटंट वाढवून घ्यायचा कंपनीचा प्रयत्न मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने फेटाळला. अर्जाला विरोध करणाऱ्या दोघी टीबीतून बऱ्या झालेल्या होत्या, मुंबईची नंदिता व्यंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेची फुमेझा टिसिले. दोघींची श्रवणशक्ती इंजेक्शनांनीच गेली होती. ती बातमी मी लोकलमध्ये वाचली आणि उतरायचं स्टेशन गेलं तरी कळलं नाही. २०२४ मध्ये सहा महिन्यांच्या, फक्त गोळ्यांच्या उपचाराला सरकारने मान्यता दिली. माझ्यानंतरच्या मुलींना कुकरची शिट्टी ऐकू येईल. पण ही नवी औषधंही आपण तशीच वापरली तर ती किती वर्षं टिकतील, याची मला रात्री झोप लागत नाही इतकी काळजी वाटते.

पारिजात

लोकल, तुझ्या पोस्टला काय उत्तर देऊ. नुसता हात हातात घ्यावासा वाटतो.

रात्रपाळी

मी एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूत, स्टाफ नर्स आहे. इथे सगळ्यांनी मोठ्यांचं लिहिलंय, मी बाळांचं लिहिते.

आमच्याकडे ९००-१००० ग्रॅमची बाळं येतात. तळहातावर मावतील एवढी. त्यांनी आयुष्यात काहीच घेतलेलं नसतं, आईचं दूधसुद्धा नळीतून थेंब थेंब. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाळ मलूल होतं, दूध पचत नाही, श्वास घ्यायचं विसरतं. आपण रक्ताचं कल्चर पाठवतो आणि रिपोर्ट येतो क्लेबसिएला किंवा ॲसिनेटोबॅक्टर, औषधांच्या पुढे आर, आर, आर. दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ मध्ये ८८ हजारांवर जन्मांची नोंद ठेवून अभ्यास झाला होता, त्यातही हेच दोन जंतू सर्वांत पुढे होते, आणि ॲसिनेटोबॅक्टरच्या दहांतल्या आठ नमुन्यांवर अनेक औषधं चालत नव्हती. 'अंगाला सवय' म्हणणाऱ्यांनी एकदा त्या काचेच्या पेटीपाशी उभं राहावं. तीन दिवसांच्या अंगाला कसली सवय?

ते जंतू आमच्या हातांतून जातात. हे लिहिताना मला फार जड जातंय. एका सिस्टरकडे रात्री सहा-सात बाळं असली, दोन मॉनिटर एकदम वाजले, की एका पेटीतून दुसरीकडे हात जातो आणि मधला हँडरब राहून जातो. आम्हाला कळत नाही असं नाही. दोन माणसं वाढवून दिली तर जेवढी बाळं वाचतील तेवढी कुठल्याच नव्या अँटिबायोटिकने वाचणार नाहीत, हे माझं सोळा वर्षांचं मत आहे. आणि आईने बाळाला छातीशी धरणं, तिचं दूध, यानेही जंतुसंसर्ग कमी होतो. नातेवाइकांना विनंती, पेटीत हात घालायच्या आधी अंगठ्या, बांगड्या काढा आणि कोपरापर्यंत हात धुवा. आम्ही सांगितलं की राग मानू नका.

खुराडं

मी ब्रॉयलर पोल्ट्री करतो. कोंबड्यांच्या पाण्यात-खाद्यात अँटिबायोटिक जातं हे खरं आहे, काही ठिकाणी आजारी नसतानाही वजन वाढावं म्हणून. वर काकांनी शेवटचं हत्यार म्हणून ज्याचा उल्लेख केला ते कोलिस्टिन आम्हाला पोत्यात मिसळून सहज मिळायचं. जुलै २०१९ मध्ये केंद्राने जनावरांसाठी त्यावर बंदी घातली. मला तोवर माहीतही नव्हतं की हे माणसाला आयसीयूत देतात. शेडमधली हवा, कोरडी लादी आणि वेळेवर लस यांवर लक्ष दिलं की मरतूक आटोक्यात राहते, हा माझा अनुभव.

पायरी

एक शंका. कोर्स पूर्ण करा, असं लहानपणापासून ऐकतोय. मध्यंतरी वाचलं की तेही आता खरं मानत नाहीत. नक्की काय?

काचपट्टी

२०१७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तसा लेख आला होता आणि त्यावर बरीच चर्चा झाली. मुद्दा असा की बऱ्याच साध्या संसर्गांना पूर्वीपेक्षा कमी दिवस औषध पुरतं, आणि गरजेपेक्षा जास्त दिवस घेतलं तर आतड्यातले बाकीचे जंतूही शिकतात. म्हणून डॉक्टर आता कुठे पाच, कुठे तीन दिवस लिहितात. पण किती दिवस हे डॉक्टरांनी ठरवायचं, बरं वाटलं म्हणून आपण नाही. टीबीत तर एकही दिवस कमी नको, तिथे वादच नाही.

अजून एक, म्हाताऱ्या माणसांच्या घरात उपयोगी पडेल. जळजळ नाही, ताप नाही, काही त्रास नाही, आणि नुसत्या तपासणीत लघवीत जंतू दिसले, तर बहुतेक वेळा औषध लागत नाही. वयस्कर माणसांत असे जंतू नुसतेच राहतात. रिपोर्टवरची लाल खूण बघून घाबरून गोळ्या सुरू करू नका, डॉक्टरांना विचारा की याला खरंच औषध हवं आहे का. ओसरीताई, हे तुमच्यासाठी मुद्दाम लिहिलं. सासऱ्यांची तपासणी पुन्हा कराल तेव्हा लक्षात ठेवा.

ओसरी

काका, बरं झालं सांगितलंत. परवाच दीर म्हणत होते की खात्री म्हणून पुन्हा कल्चर करून घेऊ. आता आधी डॉक्टरांना विचारेन.

सगळ्यांचे मनापासून आभार. लोकल आणि रात्रपाळी, तुम्ही दोघींनी लिहिलेलं मी सासूबाईंना फोनवर वाचून दाखवलं. बाळांचं ऐकून त्या बराच वेळ गप्प होत्या.

सासरे घरी आलेत. वजन नऊ किलोने उतरलंय, काठी घेऊन ओसरीपर्यंत येतात. गोठ्यात जायचं म्हणतात, दावणीला आता एकच म्हैस आहे हे त्यांना अजून सांगितलेलं नाही. तो कल्चर रिपोर्ट लॅमिनेट करून त्यांच्या आधार कार्डाच्या पाकिटात ठेवलाय, म्हणजे पुढे कधीही, कुठल्याही दवाखान्यात न्यावं लागलं तर डॉक्टरांच्या हातात आधी तो पडेल. दिरांनी त्याच्या मागे पेनाने लिहिलंय, 'औषध देण्याआधी हे बघा.'

मुळाकाठ, एक विचारायचं राहिलं. त्या डब्यातल्या गोळ्यांचं काय करू? कचऱ्यात किंवा संडासात टाकायच्या नाहीत एवढं वाचलंय. केरळात उरलेली औषधं परत गोळा करतात म्हणे. आपल्याकडे तुमच्यासारखं कुणी घेतं का?

मुळाकाठ

ताई, आमच्या तालुक्यात तशी सोय नाही. पण आमच्या संघटनेची बैठक पुढच्या आठवड्यात आहे, तिथे हा विषय मांडतो. दुकानात एक पेटी ठेवायची आणि जमलेलं सगळं दवाखान्याच्या जैविक कचऱ्याच्या गाडीत द्यायचं, असं काहीतरी जमेल. तोवर डबा चिकटपट्टी लावून मुलांच्या हाताला लागणार नाही असा वर ठेवा. काय ठरलं ते इथेच लिहितो.